न पाहता दिलेला निकाल

गेल्या वैशाखात आमच्या घरच्या शीतकपाटाने असहकार पुकारला. आत दिवा लागे, थंडावा मात्र नाही. पाठीमागून दर तीनचार मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येई आणि पुन्हा सारे शांत. कारागीर आला, त्याने तो आवाज एकदा ऐकला आणि म्हणाला, ‘कॉम्प्रेसर गेला. नवेच घ्या.’ नाडी न पाहता वैद्याने स्मशानाची वाट दाखवावी, तसे ते झाले.

वस्तुतः त्या आवाजाचे अर्थ एकाहून अधिक असतात. कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, होत नाही. प्रवाह वाढून तो तापतो आणि संरक्षक स्विच वीज तोडतो. निवल्यावर पुन्हा तोच खेळ. आतील मोटर अडकली असता असे होते, तसेच विजेचा दाब कमी असता किंवा शेजारचा चिमुकला रिले जळला असताही होते. आम्ही दुसऱ्या जाणकारास बोलाविले. त्याने वीज पूर्ण तोडून कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमधील रोध मोजला. सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतका असावा, आणि कोणत्याही टोकाचा लोखंडी कवचाशी संबंध लागू नये, अशी ती कसोटी. आकडे बरोबर आले. रिले हालविताच मात्र आत खुळखुळ वाजले. तो बदलला, यंत्र चालू झाले.

पहिला कारागीर लबाड होता, असे आम्ही म्हणणार नाही. असत्य बोलणे वेगळे आणि न पाहता बोलणे वेगळे. पण ज्याच्यावर निकाल लादला जातो, त्याला हा भेद काय कामाचा? आणि खरे सांगावयाचे तर, आमचाही दोष होताच. घरात नव्या शीतकपाटाचा रंगसुद्धा ठरला होता. त्याचे निदान आमच्या हावेला सोयीचे होते, म्हणून ते आम्हांस इतके शास्त्रशुद्ध वाटले!

यंदा मात्र दाराला हात लावताच झिणझिण्या आल्या. वीज काढून मोजले. या खेपेस टोकाचा कवचाशी संबंध लागला. आता शंकेस जागा नव्हती. भंगारवाल्याने चांगला भाव सांगितला आणि नळी तिथेच तोडण्याची तयारी दाखविली. आत आर-१३४ए हा वायू होता. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडहून सुमारे १,४०० पट उष्णता कोंडतो. म्हणजे शंभर ग्रॅम सोडला, तरी १४० किलोचा भार आकाशावर. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसारही असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जावयास हवा. ज्या यंत्राला दर खंडेनवमीस फूल वाहिले, त्याचा शेवटचा श्वास दुसऱ्याच्या माथी मारावा काय, यावर घरात दोन दिवस वाद झाला. वायू काढून घेणाऱ्यास पैसे मोजले, तेव्हा भंगाराचा भाव हातचा गेला. धाकट्या सुनेने ते मुकाट्याने पाहिले, आणि दह्याचे सट उचलून ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवले.