होकार कुणाचा?

लस म्हटली की आपल्याला निरोगी मूल आठवते. पोलिओ किंवा गोवर होऊ नये म्हणून टोचून घेणारे. परंतु अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार म्हणून ज्या लशी तपासल्या जातात, त्या आधीच आजारी असलेल्या स्त्रीला दिल्या जातात. रोगाच्या पेशी ओळखायला तिच्याच प्रतिकारशक्तीला शिकवायचे, हा त्यामागचा विचार. हा रोग पोटफुगी, अपचन अशा साध्या तक्रारींआड लपतो, उशिरा सापडतो आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपीनंतरही अनेकदा परततो. नवा उपाय हवाच. प्रश्न एवढाच की, जिच्यापुढे दुसरी वाट उरलेली नाही, त्या बाईचा होकार खरोखर तिचा असतो काय?

प्रश्न जुना आहे. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. लोक घाबरत होते, म्हणून आगाखान यांनी सर्वांदेखत ती टोचून घेतली. लस उपयोगी ठरली. तरी गजांआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा, ही शंका राहतेच.

आजारही एक तुरुंगच आहे. शिवाय हाफकिन आणि आगाखान यांना धोका आधी स्वतःच्या अंगावर घेता आला. कर्करोग बरा करू पाहणाऱ्या लशीचा गुण निरोगी माणसावर कळत नाही. तो रुग्णाच्याच शरीरावर पाहावा लागतो. म्हणून डॉक्टरची जबाबदारी येथे अधिक.

'अबागोव्होमॅब' या लशीची चाचणी 888 स्त्रियांवर झाली. काहींना लस दिली, काहींना औषध नसलेले इंजेक्शन. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शरीराने लशीला प्रतिसाद दिला होता, पण रोगाचे परतणे लांबले नाही, आयुष्यही वाढले नाही. त्या स्त्रियांना काय मिळाले? त्यांनी मात्र पुढच्या रुग्णांना एका फसव्या आशेपासून वाचवले.

मग प्रयोग नकोतच, असे म्हणावे काय? काळेवाडीच्या शेजारी, पिंपरीत, 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि तेथे पेनिसिलीन बनू लागले. तेच औषध 1941 मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला दिले गेले होते. तो सुधारू लागला, औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. अशा माणसांचे ऋण आपल्या प्रत्येक घरावर आहे.

ऋण मान्य करूनही एक अट सोडता येणार नाही. काळेवाडीतल्या एखाद्या घरात असा कागद आला, तर काय होईल? नवरा चाकणला पाळीवर, मुलगा फॉर्म भरणार आणि अम्मीला सांगणार, "डॉक्टरसाहेब म्हणतात, सही करा." भारतातील 2019 चे नियम सांगतात की माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी, तिला केव्हाही बाहेर पडता यावे, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळावी. पण नियम कागदावर असतो, होकार मनात. "हा इलाज नाही, प्रयोग आहे, तुम्हाला फायदा होईलच असे नाही, नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत" ही तीन वाक्ये तिच्या बोलीत, तिच्याच कानावर पडली पाहिजेत.

तवक्कल म्हणजे डोळे मिटून सही करणे नव्हे. जाणून घ्यावे, ठरवावे, मग अल्लाहवर सोडावे. शरीर ही तिच्याकडे असलेली अमानत आहे. तिचा होकार दुसऱ्या कुणी देऊ नये, प्रेमापोटीसुद्धा नाही.