तटबंदी गेल्यानंतरचे गाव

अनिश्चित काळात श्रद्धा माणसाला धीर देते, असे आपण सहज म्हणतो. मला प्रश्न आधी उलट्या बाजूने विचारावासा वाटतो. अशा काळात श्रद्धेला कोण सांभाळते? राजाश्रय, परदेशातून येणारा पैसा, पक्की इमारत, दर रविवारी वेदीवर उभे राहणारे धर्मगुरू, हे सारे एखाद्या ख्रिस्ती मंडळीचे आधार असतात. ते एकेक करून निघाले, तर मागे काय उरते? याचे उत्तर शोधायला आम्हा रायगडकरांना जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेला रेवदंडा आहे आणि दक्षिणेला कोर्लई. खाडीच्या या दोन काठांवर ख्रिस्ती धर्माची दोन वेगळी भवितव्ये शेजारी शेजारी दिसतात. रेवदंड्याच्या कोटाचे काम पोर्तुगीजांनी १५२१ साली हाती घेतले. कोटात डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा मोठमोठ्या संघांचे मठ आणि चर्चे उभी राहिली. समोरच्या टेकाडावरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. त्या काळी कोणी विचारले असते, की यातला टिकणारा धर्म कुठला, तर बोट रेवदंड्याकडेच गेले असते. दगड तिथे होता, तोफा तिथे होत्या, विद्वान पाद्री तिथे होते.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षीच्या तहाने चौल-रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. फौज गेली, फौजेबरोबर मठही गेले. आज रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळींमधून चालताना चर्चच्या भिंती लागतात. सातखणी मनोरा अर्धामुर्धा उभा आहे. पाहायला लोक येतात, फोटो काढतात. तिथे प्रार्थना होत नाही.

कोर्लईच्या ख्रिस्ती माणसांना मात्र जायला जहाज नव्हते. ती इथलीच होती, काही घरांत पोर्तुगीज शिपायांचे रक्त मिसळलेले, पण जमिनीशी बांधलेली, भातशेती करणारी. एका तहात त्यांचे राज्यकर्ते बदलले. ज्यांच्या धर्माशी त्यांनी नाते जोडले होते ते निघून गेले आणि ज्यांच्या राज्यात राहायचे होते त्यांच्या नजरेत ती हरलेल्यांच्या बाजूची ठरली. याहून अनिश्चित काळ कोणता असतो? तरी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी माउंट कार्मेल मातेच्या नावाचे चर्च आहे, त्यात मिस्सा होते, आणि सुमारे हजारभर माणसे घरात अजून एक बोली बोलतात. तिचे शब्द बरेचसे पोर्तुगीज आहेत आणि वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. भाषेच्या अभ्यासकांना कोर्लई ठाऊक असते. श्रद्धेविषयी बोलणाऱ्यांनी तिकडे पुरेसे पाहिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

गोव्याकडून धर्मगुरू येत राहिले, हे खरे. पण पाहुण्यासारखा येणारा धर्मगुरू रोजच्या संध्याकाळची रोजरी सांभाळत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसणे, मयताच्या घरी भाकरी पोचवणे, मुलाला पहिला क्रूस कपाळावर काढायला शिकवणे, ही कामे घरातली आणि शेजारची माणसे करतात, आणि त्यांतही बहुतेक बाया. जी बोली आईने मुलाशी बोलायची सोडली नाही, त्याच बोलीतून प्रार्थनाही पुढे आली असणार. सत्तेच्या आश्रयाने आलेला धर्म सत्ता गेल्यावर एका गावात माणसांच्या सवयीत मुरला आणि तिथेच जगला, असे मी समजतो.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. कोर्लई टिकले ते भक्तीमुळे की आडबाजूला असल्यामुळे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. रेवदंड्याकडून सरळ पूल झाला तो १९८०च्या दशकात. लग्ने आपसांत, शाळा गावात, वस्ती एका जागी. अलिप्तपणानेही माणसे टिकतात, आणि अलिप्तपणाची किंमतही मोजावी लागते. मी हे नाकारत नाही. पण अलिप्तता हेच सारे कारण असते, तर दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेला मोकळीक देऊन गेल्यावर कोर्लईकरांनी मराठीतली मिस्सा परकी मानली असती. त्यांनी ती आपली केली. चर्चमध्ये मराठी, घरात आपली बोली, बाजारात पुन्हा मराठी. या गावाची ओळख शेजाऱ्यापासून तुटून उभी राहिलेली नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे, भरवस्तीतले, गाजलेले उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. दापोलीजवळच्या करजगावचा हा कोकणस्थ ब्राह्मण १८९५ साली ख्रिस्ती झाला. त्यांच्या भजनांशिवाय मराठी प्रोटेस्टंट उपासनेची कल्पनाही करवत नाही. पण मला आज महत्त्वाचे वाटते ते त्यांनी १९१७ साली, आयुष्याच्या अखेरीला, केलेले काम. मिशनचा पगार त्यांनी सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. पहिले महायुद्ध चालू होते, परदेशी मिशनचे दिवस कायमचे नाहीत हे त्यांना कळून चुकले होते. त्या वेळी टिळकांनी आधार आपणहून सोडून पाहिला. दोन वर्षांत, १९१९ साली, ते गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. संस्था म्हणून तो फसला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण कोर्लईच्या शेतकऱ्यांवर इतिहासाने जे लादले, ते टिळकांनी विचारपूर्वक निवडले होते. पगार आणि पाठबळ बाजूला ठेवल्यावर ख्रिस्ताशी आपले नाते उरते का, हे त्यांना पाहायचे होते.

हा प्रश्न आज आमच्यासमोर वेगळ्या रूपात उभा आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे सुमारे पावणेअकरा लाख, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. धर्मांतरविरोधी कायद्याची मागणी जोर धरते, तेव्हा एखाद्या घरात चाललेल्या साध्या प्रार्थनेकडेही संशयाने पाहिले जाते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. तरुण मुले मुंबईला, आखातात, त्याहून लांब जातात. अशा वेळी मंडळीला तीन आश्रय खुणावतात. पहिला, कोणत्या तरी पक्षाचा हात धरून संरक्षण मिळवण्याचा. दुसरा, दार लावून आपल्यापुरते राहण्याचा. तिसरा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. प्रार्थनेला या, नोकरी लागेल, आजार पळेल, कर्ज फिटेल, असे सांगणारी सभा भेदरलेल्या माणसाला निश्चिती विकते. ख्रिस्ताने शिष्यांना क्रूस उचलायला सांगितले होते. हमी देऊ केली नव्हती.

मी हे पेण तालुक्याच्या ज्या पट्ट्यातून लिहितो आहे, तिथे जोहे, हमरापूर ही गणपतीची गावे आहेत. घरोघरी कारखाने, वर्षभर मातीचा आणि प्लास्टरचा वास. २०२० साली मार्चच्या अखेरीस कोविडची टाळेबंदी लागली आणि जुलैत मूर्तीच्या उंचीवर मर्यादा आली, सार्वजनिक मूर्तीला चार फूट, घरगुतीला दोन. त्याच वर्षी प्लास्टर ऑफ पॅरिसवरील बंदीचीही टांगती तलवार होती. आधी बनवून ठेवलेल्या मोठ्या मूर्तींचे काय करायचे, हा प्रश्न इथल्या घराघरात होता. त्याच काळात देवळे, मशिदी, चर्चे बंद होती. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. मधे ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनमध्ये छपरे उडाली, पिढ्यांनी जपलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. वादळाने कोणाचा धर्म विचारला नाही.

अनिश्चितता एकट्या ख्रिस्ती माणसांच्या वाट्याला आलेली नाही, हे ध्यानात आले की मंडळीचे काम नव्याने दिसू लागते. शेजारच्या कारखानदाराचे कर्ज आणि माझ्या मुलाची गेलेली नोकरी एकाच घडीची दुःखे आहेत. ख्रिस्तसभेने केवळ आपल्या हक्कांसाठी बोलायचे आणि शेजाऱ्याच्या हलाखीत मूक राहायचे, हे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी जमिनीसाठी आणि पाण्यासाठी हरित वसईचा लढा दिला, तो एका धर्माचा लढा नव्हता. २०२० सालीच ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. तरी त्यांनी मराठी माणूस म्हणून आणि धर्मगुरू म्हणून, दोन्ही नात्यांनी त्या व्यासपीठावर उभे राहणे पसंत केले.

टाळेबंदीत मिस्सा मोबाइलवर आली. ते ठीक झाले, नाही तर अनेक घरे एकाकी झाली असती. पण पडद्यावरच्या मिस्सेने एक गोष्ट उघडीही केली. धर्मगुरू दिसत होते, शेजारी दिसत नव्हता. ख्रिस्तप्रसाद हातात येत नव्हता, आणि ज्यांच्या घरी चांगला फोन नाही त्यांना तर काहीच नव्हते. मुंबई महाधर्मप्रांतात, ज्यात रायगडही येतो, १९८०च्या दशकापासून वस्तीवस्तीत छोटे ख्रिस्ती समूह उभे करण्याचे प्रयत्न झाले. असा समूह जिथे खरोखर जिवंत असतो, तिथे म्हाताऱ्या माणसाची औषधे कोण आणणार हे विचारावे लागत नाही. जिथे तो कागदावर असतो, तिथे आपत्ती आली की सगळे फादरांकडे पाहू लागतात आणि फादर एकटे पडतात. चर्चच्या रंगरंगोटीवर, फेस्ताच्या रोषणाईवर आम्ही उत्साहाने खर्च करतो. त्यातला निम्मा उत्साह या समूहांच्या वाट्याला यावा, असे मला फार वाटते.

आणि या समूहांचा भार ज्या वाहतात, त्यांचे काय? कोर्लईच्या घरांत प्रार्थना जिवंत ठेवणाऱ्या बायांची नावे कुठल्याही कागदावर नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला आसरा दिला आणि पुढे हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणले. ते छापले केडगावच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनीच. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२३च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेत, स्त्रियांना प्रथमच मतदानाचा अधिकार दिला. रोममध्ये हे झाले, आता आमच्या धर्मग्रामांत व्हायला हवे. रोजरी सांगणारी, मयताच्या घरी पहिली पोचणारी, कोणाच्या चुलीत आज जाळ नाही हे जाणणारी बाई चर्चचा पैसा कुठे जाईल हे ठरवणाऱ्या बैठकीत खुर्चीवर बसलेली हवी. चहा घेऊन आत येणारी नको.