वहीतला समास

यशवंतपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी दर महिन्याला प्रत्येक कामगाराशी स्वतंत्रपणे बोलतो आणि वहीत टिपून ठेवतो. एकदा एका लेथवाल्याला मी त्याच्या जुन्या चुका तारखेसकट वाचून दाखवल्या. मान खाली घालून तो म्हणाला, “साहेब, आईच्या आजारपणाचंही सांगितलं होतं. ते लिहिलंय का?” पान चाळलं. नव्हतं.

तेव्हापासून मनात एकच प्रश्न आहे: माणसाची नोंद ठेवणं ही त्याची कदर की त्याच्यावरचा अन्याय? चित्रगुप्ताच्या वहीची आपल्याला भीती वाटते. पण तो पापाबरोबर पुण्यही लिहितो. माझ्या वहीत पुण्याचा रकानाच नव्हता.

दासबोधाच्या 19 व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मजकुराभोवती जागा सोडावी, असं समर्थ तिथे सांगतात. मला त्यात नीती दिसली. आता मी रुंद समास सोडतो आणि बोलणं संपलं की वही कामगारासमोर सरकवतो. तो समासात कन्नडमध्ये दोन ओळी लिहितो, मग आम्ही दोघं सही करतो.

ज्याच्याविषयी लिहायचं, त्याला वाचता आणि खोडता यावं. तरच ती नोंद धर्माची.