दोघांची मापं

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत एक लहानसा कारखाना होता. कापसाच्या गाठींना गुंडाळायचं कापड तिथे तागे उलगडून कापलं जाई. रोलर फिरवणारी सर्वो मोटर आणि तिचा ड्राइव्ह यास्कावाच्या सिग्मा-२ मालिकेतले होते, जुने पण खणखणीत.

ऐन हंगामाच्या तोंडावर ड्राइव्हला वेग सांगणारा कंट्रोलर जळाला. मालकाने नवा आणला, तारा जोडल्या आणि मशीन सुरू केलं. कापड भसकन पुढे धावलं, रोलरला गुंडाळलं आणि टरकन फाटलं.

"ड्राइव्ह म्हातारा झाला," मालक म्हणाला. मुलाने नव्या ड्राइव्हचा भावही विचारून ठेवला.

शेजारच्या शेडमध्ये मोटारींचं वाइंडिंग करणारे एक काका होते. त्यांना बोलावलं. काकांनी ड्राइव्ह खोललाच नाही. कापड काढून रोलर मोकळा केला, कंट्रोलरकडून येणाऱ्या दोन तारांवर मल्टीमीटर लावला आणि मिनिटाला ९०० फेरे मागायला सांगितलं. मीटरवर ३ व्होल्ट आले. ड्राइव्हच्या आकड्यांत मात्र १५०० फेरे दिसले.

"हा बिघडला नाही, भाऊ," काका म्हणाले. "याले जे सांगतलं, तेच हा करून रायला."

नव्या कंट्रोलरच्या हिशेबात १० व्होल्ट म्हणजे ३००० फेरे. ड्राइव्ह मात्र कंपनीतून निघाला तेव्हापासून ६ व्होल्टलाच ३००० फेरे धरत होता. काकांनी पीएन ३०० हा पॅरामीटर उघडला. तिथे ६०० होते, म्हणजे ६.०० व्होल्ट. त्याचे १००० केले. आता ९०० मागितले, ९०० मिळाले.

मालक कापड लावायला निघाला. काकांनी थांबवलं. शून्य वेग मागितला, तर रोलर मुंगीच्या पावलाने सरकत होता. तारेत काही मिलिव्होल्ट उरले होते. मोटर बंद ठेवून काकांनी ड्राइव्हचं शून्यही जुळवलं. मगच कापड चढलं, आणि सरळ कापलं गेलं.

कंट्रोलरने बरोबर सांगितलं होतं, ड्राइव्हने बरोबर ऐकलं होतं. कापड फाटलं ते दोघांची मापं कुणी जुळवली नव्हती म्हणून. दोष मात्र वयाने थोरल्यावर गेला. घरोघरी हेच होतं.

जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी, पूर्ण वेगासाठी तो किती व्होल्ट धरतो, हे एकदा बघून घ्या.