हौद्यातला कोपरा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत करणारे एक अण्णा होते. वय ४८, वजन १०४ किलो. पंचविशीत हेच अण्णा शिवाजी पेठेतल्या एका तालमीतले नावाजलेले मल्ल होते. तेव्हा वजन ७४ किलो. पहाटे उठून जोर-बैठका, मग मातीच्या हौद्यात लढती, आणि त्यावर थंडाई, दोन लिटर दूध, अर्धी वाटी तूप. एवढं खाऊनही पोट सपाट होतं, कारण खाल्लेलं सगळं घामावाटे मातीत जिरत होतं.

पुढं वडील थकले, गाळा अण्णांकडं आला, संसार वाढला. तालीम सुटली, खुराक मात्र सुटला नाही. सकाळी सौद्याला जायच्या आधी दूध-तूप, मग गादीवर बसून येईल त्या शेतकऱ्याबरोबर चहा, मधल्या वेळेला मिसळ, रविवारी तांबडा-पांढरा रस्सा. चालणं म्हणाल तर गाडीपासून गाळ्यापर्यंत. पोट सुटायला लागलं तेव्हा मित्र म्हणाले, ‘‘अण्णा, धंदा अंगाला लागला!’’ अण्णाही खूश झाले.

एकदा जोतिबाच्या पायऱ्या चढताना धाप लागून अण्णा मध्येच बसले. घरच्यांनी डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी टेप घेऊन बेंबीपाशी घेर मोजला, तो भरला ११२ सेंटिमीटर. रक्तदाब वाढलेला, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२. डॉक्टर म्हणाले, ‘‘आपल्याकडच्या पुरुषांचा घेर ९०च्या आत असावा. मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे. नुसत्या ५० ग्रॅम तुपात साडेचारशे कॅलरी असतात. तेवढ्या खर्चायला तुम्हाला तासाभराहून जास्त झपझप चालावं लागेल. तुम्ही चालता किती?’’

अण्णांनी मान खाली घातली. पण मल्लाचा पीळ कुठं जातो? घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, ‘‘दोन महिन्यांत पहिल्यासारखा होतो की नाही बघा!’’

आधी त्यांनी जेवणच सोडलं. सकाळ-संध्याकाळ लिंबूपाणी आणि काकडी. पंधरा दिवसांत काटा पाच किलो खाली आला. अण्णा ज्याला त्याला सांगत सुटले. पण त्या पाच किलोंत बरंचसं पाणी होतं, आणि उपाशी अंगानं चरबीबरोबर दंडा-मांड्यांचं मांसही खाल्लं होतं. चक्कर यायला लागली, गिऱ्हाइकावर उगाच डाफरणं सुरू झालं. एका लग्नाच्या पंगतीत उपास मोडला आणि महिन्याभरात पाचाचे सहा किलो होऊन परत आले.

मग अण्णांनी जुना लंगोट शोधून काढला आणि पहाटे तालीम गाठली. पोरांच्या देखत दोनशे बैठका मारायला घेतल्या. साठ झाल्या आणि उजव्या गुडघ्यातून कळ गेली. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. आठ दिवस अण्णा गाळ्यावर पाय लांब करून बसले.

तालमीच्या वस्तादांना हे कळलं. पंचाहत्तरी ओलांडलेले वस्ताद एका सकाळी गाळ्यावर आले, पोत्यावर टेकले, बिनसाखरेचा चहा घेतला.

‘‘गुडघा कसा हाय?’’

‘‘उतरलाय, वस्ताद. पण आता आपलं काही खरं नाही. वय झालं.’’

‘‘वय झालं त्येचं काय न्हाई. तू पंचविशीच्या पोराची मेहनत कराय गेलास आन् खुराक बी त्येचाच ठेवलास. डाक्टरला इचार, आन् सोमवारपास्नं हौदा उकराय ये. बैठका न्हाईत, नुसती माती.’’

हौद्याची तांबडी माती म्हणजे तालमीचा जीव. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात आणि रोज खोऱ्यानं खालवर करतात. तशी केली तरच ती लोण्यासारखी मऊ राहते.

डॉक्टरांनी होकार दिला आणि अण्णा सोमवारी हजर झाले. वस्तादांनी त्यांना पूर्वेचा कोपरा नेमून दिला, चार पावलांचा. ‘‘ह्यो तुझा. दुसरं कुणी हात लावणार न्हाई.’’ कोपरा बरेच दिवस पडून होता, माती दगड झाली होती. अण्णांनी सगळा जोर लावून घाव घातला, तर खोरं टणकन वर उडालं. तळहाताला फोड आला.

वस्ताद म्हणाले, ‘‘येका दिवसात फोडायची न्हाई. आज पाणी मार, हातभर उकर. उद्या आनी हातभर.’’

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दम लागला. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास खोरं चाललं आणि कोपरा मऊ झाला. मग वस्तादांनी भिंतीला हात टेकून जोर काढायला लावले, पाटावर बसून उठायला लावलं. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठानं चालणं. घरी अण्णांच्या पत्नीला निरोप गेला : दुधाचा तांब्या जाऊन पेला आला पाहिजे, तूप चमचाभर. दीड भाकरी, वाटीभर उसळ, दही, एखादं अंडं, मुठीएवढा भात. उपाशी ठेवायचं नाही आणि रात्री दहानंतर जागवायचं नाही.

तीन महिन्यांत काटा पाच किलोंनी उतरला आणि तिथंच अडला. आठवडे गेले तरी हलेना. तेवढ्यात भावकीत लग्न निघालं. अण्णांनी मनाशी म्हटलं, एवढं करून काटा हलत नाही, तर चार दिवस न केल्यानं काय बिघडणार? चार दिवसांचे वीस दिवस झाले.

एकविसाव्या दिवशी ओशाळलेले अण्णा तालमीत आले. वस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं खोरं हातात दिलं. पोरांच्या बाजूची माती पायाखाली दबत होती. अण्णांच्या कोपऱ्यावर खोरं पडलं आणि पहिल्या दिवसासारखंच टणकन वर उडालं.

‘‘वस्ताद, कुणीतरी उकरायचा होता की!’’

‘‘तुझा कोपरा दुसरा कोन उकरणार?’’ वस्ताद म्हणाले. ‘‘हौद्यात काटा ठेवलाय व्हय? न्हाई ना? तरी रोज उकरत व्हतास तवर माती मऊ व्हती. अंगाचं बी तसंच हाय. काटा थांबला म्हनून काम थांबलं न्हवतं. काम तू थांबवलंस, तवा अंग मागं गेलं.’’

अण्णांनी पाणी मारलं आणि हातभर माती उकरली. त्यानंतर पाऊस असो, सौद्याची गर्दी असो, त्यांनी कोपरा सोडला नाही. गुडघा दुखला त्या दिवशी दहाच मिनिटं उकरला, पण उकरला. बाहेरगावी गेले तर पहाटे तेवढा वेळ चालून आले. पंगतीला बसले तर जिलबी एकच घेतली आणि वाढप्याला हात आडवा केला.

वर्ष उलटलं. अण्णा डॉक्टरांकडं गेले. वजन ९१ किलो, घेर ९९, सरासरी साखर ५.६, रक्तदाब आटोक्यात. डॉक्टर म्हणाले, ‘‘मधुमेह दारातून मागं फिरलाय. पण घेर अजून उतरायला हवा, तेव्हा हेच चालू ठेवा.’’

अण्णा वस्तादांना पेढे द्यायला गेले, पण चेहरा काही खुलेना.

‘‘आता काय झालं?’’

‘‘वस्ताद, ७४चा होतो मी. तो काही परत आला नाही.’’

वस्ताद हसले. ‘‘तो पंचवीस वर्सांचा व्हता, लेका. त्येच्या मागं दुकान न्हवतं, पोरंबाळं न्हवती. त्येला परत आनून करनार काय? जोतिबाच्या पायऱ्या चढतोस का न बसता?’’

‘‘चढतो.’’

‘‘मग झालं तर! तुझ्या वयाचा पैलवान तू झालास. आता हातातला पेढा खाली ठेव आन् खोरं घे. आजचा कोपरा ऱ्हायलाय.’’

तात्पर्य : खुराक मेहनतीच्या मापानं घ्यावा आणि मेहनत वयाच्या मापानं करावी. ती थोडी असली तरी चालते, पण रोज करावी लागते आणि ज्याची त्यानंच करावी लागते.