आवाज कोणाचा? जपानी सचेतनपट आणि रूपांतराची नीती

हायाओ मियाझाकी यांचा ‘नाउसिका’ हा 1984 सालचा सचेतनपट पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने दाखविला गेला, तेव्हा त्यातील वीस मिनिटांहून अधिक भाग कापलेला होता आणि नायिकेचे नाव झँड्रा झाले होते. माणूस आणि निसर्ग यांच्यातील वैर मुळात कोणी मांडले, हा त्या चित्रपटाचा गाभ्याचा प्रश्न. कापाकापीनंतर उरले ते महाकाय किड्यांशी चाललेले एक युद्ध. परदेशी वितरकाने कात्री लावता कामा नये, ही स्टुडिओ घिब्लीची पुढची अट या अनुभवातून आलेली आहे.

अशा प्रकरणांची चर्चा बहुधा मूलनिष्ठा या एकाच निकषावर केली जाते. मराठी वाचकाला तो अपुरा वाटावयास हवा. आगरकरांनी 1883 मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. पात्रांची नावे बदलली, रीतिरिवाज बदलले. तरी या कृतींना कोणी अपहार म्हणत नाही. शेक्सपिअरचे ऋण तेथे उघड होते, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे: देवलांच्या रूपांतरामुळे शेक्सपिअरचे काही बिघडणार नव्हते. अमेरिकी बाजारपेठेच्या हाती पडलेल्या जपानी चित्रपटाची स्थिती वेगळी होती. तिथल्या प्रेक्षकाच्या लेखी झँड्रा हेच मूळ नाव ठरले. रूपांतराचा नैतिक विचार म्हणूनच सत्तेच्या दिशेचा विचार टाळून करता येत नाही.

‘शिनचॅन’चे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. योशितो उसुई यांची ही चित्रमालिका 1990 मध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली. 1992 पासून ती जपानी दूरचित्रवाणीवर आली आणि घराघरांत पाहिली जाऊ लागली. अमेरिकेत 2006 मध्ये तिचे जे इंग्रजी रूप रात्रीच्या प्रौढ प्रेक्षकांसाठी दाखविले गेले, त्यात संवाद जवळजवळ नव्याने लिहिलेले होते. तिथल्या राजकारणावरचे, चित्रतारकांवरचे विनोद त्यात भरले होते. भारतात ती मुलांची मालिका म्हणून हिंदीत आली, 2008 मध्ये शासनाने तिच्यावर बंदी घातली आणि नंतर ती कात्री लागून परतली. एकीकडे अधिक चावट केली गेली, दुसरीकडे सोवळी. दोन्हीकडे गृहीत मात्र एकच होते, की चित्रे घ्यावीत आणि तोंडी हवे ते शब्द घालावेत. सचेतनपटाला ही आपत्ती विशेष भोगावी लागते, कारण चितारलेल्या ओठांना स्वतःची भाषा नसते. नटाच्या चेहऱ्यावर परका आवाज बसविला की तो खटकतो. चित्राच्या बाबतीत शिवण दिसतच नाही.

आणि तरीही ग्रहणाची कहाणी एवढ्यावर संपत नाही. शिनचॅनचे कुटुंब राहते ते कासुकाबे हे तोक्योच्या बाहेरचे गाव. बाप रोज गाडीने महानगरात जातो, घरावर बत्तीस वर्षांचे कर्ज आहे आणि त्या कर्जाचा उल्लेख हा मालिकेतला कायमचा विनोद आहे. मुंबईची हद्द दहिसरला ओलांडली की जेथे महामार्गाला घोडबंदर रस्ता मिळतो, त्या काशीमीऱ्याच्या वसाहतींत हा विनोद कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. काशी आणि मिरे या आगरी वस्तीच्या गावांवर उभ्या राहिलेल्या इमारती, हप्त्यांवर घेतलेले घर, रिक्षाने मीरा रोड स्थानक आणि तेथून लोकल: कासुकाबे येथे आपोआप कळते. कात्री लागलेल्या, हिंदी बोलणाऱ्या शिनचॅनमधूनही ते कळते. अमेरिकी रूपात नवे विनोद भरावे लागले, कारण मूळचा विनोद तिथे चालेल असा विश्वास कोणाला वाटला नाही. प्रेक्षकाविषयीचा हा अविश्वास कापाकापीइतकाच आक्षेपार्ह मानावयास हवा.

रामकथेवरील जपानी चित्रपटाने हा प्रश्न उलट बाजूने उभा केला. युगो साको यांच्या संकल्पाला रामकथा कार्टूनमधून दाखविता येणार नाही, असा आक्षेप भारतातून घेतला गेला. चित्रपट अखेर जपानमध्ये तयार झाला. ज्या भाषेत एकट्या मोरोपंतांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली, तिच्या भाषकांना या आक्षेपाचे हसू यावे. साकोंच्या बरोबरीने कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन हे दिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटिया यांचे आणि संस्कृत गीते वसंत देव यांची. मूळ संवाद इंग्रजीत होते, ते भारतीय नटांनी म्हटलेले. हा चित्रपट ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने अमेरिकेत गेला, तेव्हा रामाला ब्रायन क्रॅन्स्टन यांचा आणि निवेदनाला जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज देण्यात आला. इंग्रजीचे इंग्रजीच राहिले. बदलला तो फक्त उच्चार. भाषेची अडचण तेथे नव्हतीच, म्हणून हे रूपांतर भाषांतराच्या गरजेतून झाले, हे समर्थन लागू पडत नाही. राम कोणत्या सुरात बोलला तर ऐकवेल, एवढाच विचार झाला.

परंतु पश्चिमेला दोष देऊन मोकळे होणे मराठी समीक्षेला परवडणारे नाही. 2025 च्या जुलै महिन्यात मीरा-भाईंदरमध्ये मराठीच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले. दुकानात, रस्त्यावर कोण कोणत्या भाषेत बोलतो याची मोठी चर्चा झाली. घरातले मूल कोणत्या भाषेत हसते, याची मात्र तेथे फारशी झाली नाही. काशीमीऱ्यातले मराठी मूल शिनचॅन हिंदीत ऐकते, त्याच्या नकला हिंदीत करते आणि कित्येकदा भावंडाशी भांडणही त्याच हिंदीत करते. साको आणि राम मोहन यांचा चित्रपट 2025 च्या जानेवारीत भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत. मराठी त्यांत नव्हती.