संक्रांतीच्या आठवड्यातली शर्यत

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. हल्ली ती असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांत झाली की आठवडाभरात. त्यामुळे तयारीचे दिवस येतात ते ऐन थंडीत, पांघरूण सोडवत नाही अशा पहाटे.

पुण्या-नाशिककडच्या धावणाऱ्यांना ही थंडी मानवते. अंग तापायला वेळ लागतो, पण एकदा लय सापडली की पाय थांबत नाहीत. गोची तिथेच आहे. गारव्यात तहान जाणवत नाही, घाम दिसत नाही, आणि माणूस घोटभर पाणीही न पिता पुढे जात राहतो. हीच सवय मग मुंबईच्या दमट हवेत महागात पडते. साधारण तीस किलोमीटरनंतर स्नायूंतली साखर संपत आलेली असते, आणि नेमका परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ उभा! एरवी टॅक्सीतून जाताना तो चढ आहे हे कळतही नाही.

मला विचाराल तर खरे अवघड असतात शेवटचे दोन-तीन आठवडे. तेव्हा अंतर कमी करायचं असतं. पाय शिवशिवतात, शेजारचा अजून पंचवीस किलोमीटर मारून येतो, आणि आपण घरी बसायचं. स्वस्थ बसणं हाही सराव, हे मनाला पटता पटत नाही. बरं, त्याच दिवसांत ताटात गुळाची पोळी पडते. शर्यतीआधी पिष्टमय खा, असं प्रशिक्षक सांगतातच. तेव्हा दुसरी पोळी घ्यायला हरकत नाही. तूप मात्र बेतानं.